एकशे चार वर्षं आणि ४.६० मीटर

शाळेत असताना या खेळाला आम्ही 'बांबू उडी' म्हणायचो. म्हणायचो एवढंच! शाळेत बांबू होते ते गॅदरिंगच्या मांडवाचे, आणि पलीकडे पडायला गादी नव्हतीच. त्यामुळे पोल व्हॉल्ट माझ्यासाठी कायम टीव्हीवरचाच खेळ राहिला. तोसुद्धा दोन शर्यतींच्या मधे कॅमेऱ्याला वेळ मिळाला तर.

परवा शनिवारी सिडनी ऑलिंपिकचे जुने व्हिडिओ बघत बसलो होतो. २५ सप्टेंबर २००० ची संध्याकाळ. ॲथलेटिक्सचं वेड असलेल्यांना ही तारीख पाठ असते. स्टेडियममध्ये १ लाख १२ हजारांहून जास्त प्रेक्षक. कॅथी फ्रीमनने डोक्यापासून पायापर्यंत तो हिरवा-सोनेरी पोशाख घालून ४०० मीटर जिंकली ती हीच संध्याकाळ. मायकेल जॉन्सनचं ४०० मीटरचं सुवर्ण याच दिवशी, आणि गेब्रसेलासीने १०,००० मीटर पळून झाल्यावर टेरगाटला फक्त ०.०९ सेकंदांनी मागे टाकलं तेही याच दिवशी. या सगळ्या गदारोळात मैदानाच्या एका बाजूला बायकांच्या पोल व्हॉल्टची अंतिम फेरी चालली होती. ऑलिंपिकच्या इतिहासातली पहिली.

पुरुषांचा पोल व्हॉल्ट १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून आहे. बायकांचा २००० साली आला. म्हणजे १०४ वर्षं!

एवढा उशीर का? कारणं ओळखीचीच आहेत. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली, काही जणी शेवटी थकलेल्या दिसल्या, त्यावरून इतका गहजब झाला की ती शर्यतच बंद केली. ती परत आली थेट १९६० मध्ये. बायकांची मॅरेथॉन १९८४ मध्ये. पोल व्हॉल्टच्या बाबतीत तर मुद्दा आणखी 'शास्त्रीय' होता. बायकांच्या दंडात आणि खांद्यांत ताकद कमी, मग स्वतःला एवढं वर खेचणार कशा?

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. गणित करून बघू या.

पोल व्हॉल्टमधली बरीचशी उंची दंडातून येत नाही, पायातून येते. खेळाडू धावतो, ती ऊर्जा पोल वाकवण्यात साठते, पोल सरळ होताना ती परत देतो. अकरावीचं फिजिक्स: वेगाचा वर्ग भागिले २g. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावलात तर साधारण ३.२५ मीटर उंची नुसत्या धावण्यातून मिळते. आपला गुरुत्वमध्य आधीच जमिनीपासून मीटरभर वर असतो. म्हणजे सव्वाचार मीटरपर्यंत गाडी आलीच! उरलेली कमाई उडी मारण्यातून आणि पोलवर उलटं होऊन स्वतःला ढकलण्यातून. तिथे खांदे लागतात, नाही असं नाही. पण मुख्य इंधन म्हणजे वेग. आणि वरती उलटं होताना घाबरायचं नाही, हे वेगळं.

आता पुढचं. धावण्यात अव्वल बायकांचा वेग पुरुषांपेक्षा ढोबळमानाने १० टक्के कमी असतो. ०.९ चा वर्ग ०.८१. म्हणजे बायकांचा विक्रम पुरुषांच्या विक्रमाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास असायला हवा. हे फारच कच्चं गणित आहे हे मान्य, पण आकडे लावून बघा. पुरुषांसाठी सर्गेई बुब्काचा १९९४ चा ६.१४ मीटर धरू.

१९९२ मध्ये बायकांचा पहिला अधिकृत जागतिक विक्रम नोंदला गेला, चीनच्या सुन काईयुनचा: ४.०५. बुब्काच्या ६६ टक्के.
१९९९ मध्ये ४.६०. म्हणजे ७५ टक्के.
२००९ मध्ये रशियाच्या येलेना इसिनबायेवाचा ५.०६. म्हणजे ८२ टक्के.

आणि मग आलेख सपाट! २०२५ चा हंगाम संपेपर्यंत तो ५.०६ तसाच होता. १७ वर्षांत एक मीटर आणि एक सेंटिमीटर वाढ, मग शांतता. १९९२ मध्ये बायका दुबळ्या होत्या आणि २००९ पर्यंत सशक्त झाल्या, असं तर काही घडलं नाही. मधल्या काळात त्यांना पोल मिळाले, प्रशिक्षक मिळाले, स्पर्धा मिळाल्या. (पोल खेळाडूच्या वजनाप्रमाणे बनवतात, पुरुषांचा पोल बाईने उचलला तर तो वाकतच नाही!) त्या आलेखातला चढ म्हणजे खरं तर १०४ वर्षांचा बॅकलॉग आहे.

हा बॅकलॉग उपसला कोणी? मला इथे एमा जॉर्जबद्दल सांगायचंय.

या खेळात आलेल्या पहिल्या पिढीतल्या बहुतेक जणी दुसरीकडून आलेल्या. साहजिकच आहे, लहानपणापासून पोल व्हॉल्ट करणारी मुलगी असणार कुठून? १९९५ च्या एका मोसमात पुन्हा पुन्हा विक्रम मोडणारी झेक प्रजासत्ताकाची डॅनिएला बार्तोव्हा जिम्नॅस्ट होती. इसिनबायेवासुद्धा व्होल्गोग्राडची जिम्नॅस्ट, उंची वाढली म्हणून पंधराव्या वर्षी तिथून बाहेर पडलेली. अमेरिकेची स्टेसी ड्रॅगिला हेप्टाथलॉन करायची. आणि ऑस्ट्रेलियाची एमा जॉर्ज लहानपणी चक्क सर्कशीत होती, मुलांच्या सर्कशीत.

नोव्हेंबर १९९५ मध्ये एमाने ४.२५ चा विक्रम केला आणि त्यानंतर सव्वातीन वर्षं मैदानी विक्रम तिच्याकडेच. स्वतःचाच विक्रम, कधी एका सेंटिमीटरने, कधी पाचने, मोडत राहिली. ४.४५, ४.५०, ४.५५... २० फेब्रुवारी १९९९ ला ४.६०. तेव्हा बायकांचा पोल व्हॉल्ट म्हणजे एमा जॉर्ज असंच समीकरण होतं. पुढचं ऑलिंपिक तिच्याच देशात, आणि त्यात पहिल्यांदाच तिचा खेळ. याहून चांगला योग कुठला?

पण मधल्या काळात पाठीच्या दुखापतीने तिला गाठलं. ऑगस्ट १९९९ मध्ये सेव्हियाला बायकांच्या पोल व्हॉल्टची पहिली मैदानी जागतिक स्पर्धा झाली, ती ड्रॅगिलाने जिंकली, तिच्याच ४.६० ची बरोबरी करून. आणि सिडनीत एमा पात्रता फेरीतच बाद झाली. २५ वर्षांची होती.

दोन दिवसांनी अंतिम फेरी झाली. ड्रॅगिलाला सुवर्ण. रौप्य ऑस्ट्रेलियालाच मिळालं, पण ते तात्याना ग्रिगोरिएव्हाला, जी रशियातून तिकडे स्थायिक झालेली जुनी हर्डल्सपटू. तिची उडी ४.५५. कांस्य आइसलँडच्या वाला फ्लोसादोत्तिरला, ४.५०. आइसलँडच्या बाईने जिंकलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. सगळ्या जणी खूश, प्रेक्षक खूश.

ड्रॅगिलाची सुवर्ण उडी किती होती? ४.६०. आणि एमाने १९९९ मध्ये ४.६० केली होती ती कुठे? सिडनीत!

तेच शहर, तीच उंची, फक्त एकोणीस महिने आधी. मी हे वाचलं आणि जरा वेळ नुसताच स्क्रीनकडे बघत बसलो.

अर्थात खेळ असाच असतो. ड्रॅगिलाने काही चोरलं नाही, त्या वर्षीचा ४.६३ चा जागतिक विक्रमही तिचाच होता. आणि पोल व्हॉल्टचा नियम सगळ्यांना सारखाच: ओळीने तीन चुका, की घरी. २००९ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत खुद्द इसिनबायेवाचं हेच झालं. ४.७५ ला एक चूक, मग ४.८० ला दोन, आणि नावापुढे एकही उंची नाही. सुवर्ण गेलं पोलंडच्या ॲना रोगोव्स्काला. पण इसिनबायेवाला पुढची स्पर्धा होती. अकराच दिवसांनी झुरिचला तिने ५.०६ मारली.

एमाच्या बाबतीत हे 'पुढची स्पर्धा' प्रकरण जमलं नाही. आपण इतिहास विजेत्यांच्या यादीतून वाचतो, आणि त्या यादीत तिचं नाव फारसं सापडत नाही. १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेचं सुवर्ण तेवढं आहे. ज्या वर्षांत ती सर्वोत्तम होती, त्या वर्षांत तिच्या खेळाला मोठी मैदानी स्पर्धाच मिळत नव्हती. १९९६ ला अटलांटामध्ये पुरुषांचा पोल व्हॉल्ट होता, आणि जागतिक विक्रम करणाऱ्या बाईसाठी प्रकारच नव्हता. उशीर झाला की नुकसान नेमकं कोणाचं होतं ते इथे दिसतं. नंतर येणाऱ्यांना सगळं मिळतं, आधी होऊन गेलेल्यांना तर मिळायचं नव्हतंच. मार बसतो तो दार उघडताना अगदी उंबऱ्यावर उभ्या असलेल्यांना.

जाता जाता एक. सिडनीच्या त्याच पात्रता फेरीत आणखी एक मुलगी बाद झाली होती. अठरा वर्षांची, रशियाची. तिच्याकडे तेव्हा कोणाचं लक्षही नसणार.

येलेना इसिनबायेवा.