भिंतीवरचा कापूस, घरातली सरकी

अजिंठ्याच्या लेण्यांविषयी आजवर विपुल लिहिले गेले आहे. परंतु बोधिसत्त्वाच्या मुद्रेवर आणि राजकुळांच्या अलंकारांवर खिळलेली रसिकांची दृष्टी ज्या तपशिलांपाशी क्वचितच थांबते, त्यांत कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या एका साधनाचे चित्रण आहे. सपाट पाटावर एकच लाट फिरवून रुई पुढे ओढावयाची आणि सरकी मागे टाकावयाची, एवढीच त्या रेच्याची रचना. तरी इसवी सनाच्या पाचव्या शतकातील हे चित्रण अशा साधनाचा सर्वांत प्राचीन ज्ञात पुरावा मानले जाते. त्या लाटेखालून निघणारा कापूस निःसंशय देशी होता, कारण अमेरिकी कपाशी या भूमीत येण्यास अद्याप तेरा शतकांचा अवकाश होता. चित्रकाराचे लक्ष रुईकडे असणे स्वाभाविक. शेतीच्या इतिहासकाराने मात्र मागे पडलेल्या सरकीकडे पाहावे, कारण पुढच्या वर्षाचे पीक तीत असते.

कापूस ज्या घरात पिकला त्याच घरात जोवर तो रेचला जात होता, तोवर त्याची सरकीही त्याच घरात राहत होती. आणि भरदार बोंडे निवडून, त्यांतील बी राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून ते शेणामातीने लिंपलेल्या कणगीत जपणे हे प्रायः घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचे काम असे. ज्याच्यापाशी बी उरले नाही त्याने शेजाऱ्याकडून सवाई-दिढीने घ्यावे आणि सुगीला फेडावे, असा रिवाज होता. या व्यवहारात काठिण्य होते, क्वचित शोषणही होते. परंतु त्यामुळे एकाच शिवारातील निरनिराळे वाण अनेक घरांत विखुरलेले राहत आणि एका कणगीस कीड लागली तरी वाण नष्ट होत नसे.

दुष्काळात मात्र पोटासाठी बियाणेच खाऊन टाकण्याची पाळी येई, आणि मग सरकारावाचून रयतेला वाली उरत नसे. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळाने खानदेश व दख्खन उजाड झाल्यावर, औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत दिवाण मुर्शिद कुली खान याने जमाबंदीची जी नवी व्यवस्था लावली, तीत बैल आणि बियाणे यांसाठी तगाई देण्याची तरतूद होती. महसूल हवा असेल तर आधी बी हवे, हे त्या चतुर कारभाऱ्याने ओळखले होते.

घराघरांतील वाण मोडण्याचे जे काम दुष्काळाला साधले नाही ते बाजाराने साधले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. त्यांची मागणी इकडे वळताच अजिंठ्याच्या घाटाखाली जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली, आणि पुढे वाफेवर चालणारे जिन ठिकठिकाणी उभे राहिले. शेकडो शेतांचा कापूस एकाच जिनात पडू लागला, सरकी एकाच ढिगात मिसळू लागली, आणि तीच पेरणीसाठी गावोगाव परत जाऊ लागली. वऱ्हाडातील बनी हा तलम, लांब धाग्याचा देशी कापूस होता, तर जरी हा जाडाभरडा. परंतु जरीत रुईचा उतारा अधिक असल्याने व्यापाऱ्यास तो फायद्याचा ठरला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जरीने बनीला बहुतांशी हुसकून लावले. बनीचाच आप्त असलेला गावरानी कापूस मराठवाड्यात तगला, आणि निजामाच्या अमलात परभणी-नांदेडकडील संशोधकांनी त्यातून निवडक वाण तयार केले.

स्वातंत्र्यानंतर संकरित बियाण्याचे युग आले. १९६४ साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिकोची स्थापना केली, आणि औरंगाबाद-जालना हा टापू बियाण्याच्या उद्योगाचे मोठे केंद्र बनला. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाल्यावर देशी कपाशी शिवारातून जवळजवळ दिसेनाशी झाली. त्याआधीच, १९७६ मध्ये, राष्ट्रीय वनस्पती जनुक संसाधन ब्यूरो आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था अस्तित्वात आल्या. ब्यूरोच्या दिल्लीतील जनुकपेढीत वाळवून हवाबंद केलेले बी उणे १८ अंश तापमानात ठेवले जाते. रस शोषणाऱ्या किडींना आणि पाण्याच्या ताणाला तोंड देण्याचे जे गुण देशी कपाशीत आहेत, ते शेतातून गेले तरी अशा शीतगृहांत शिल्लक राहिले, हे या संस्थांचे मोठे ऋण आहे.

तथापि संचय म्हणजे संरक्षण नव्हे. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती विलायतेस गेल्या, आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. एकाच ठेवीवर विसंबू नये हा बोध बीजशास्त्राने घेतला आहे. २००८ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात उघडलेले भांडार देशोदेशींच्या पेढ्यांतील वाणांच्या दुसऱ्या प्रती राखण्यासाठीच आहे. परंतु चित्र आणि बी यांत एक मूलभूत भेद आहे. चित्र जितके कमी हाताळावे तितके टिकते. बी मात्र शीतगृहातही हळूहळू निर्जीव होत जाते, म्हणून ठराविक काळाने ते पेरून पुन्हा नवे करून घ्यावे लागते. शिवाय शीतगृहातील बी बदलता पाऊस आणि नव्या किडी यांच्याशी झगडत नाही. ते शिक्षण शेतातच होते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे देशी वाणांची बीजबँक उभारणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली जाहीर झालेली पद्मश्री हा म्हणूनच एका जुन्या गृहकृत्याला मिळालेला राजमान्यतेचा शिक्का होय.

स्वतःच्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. पण संकरित बियाण्याचे पीक पुढच्या पिढीत एकसारखे उतरत नाही, त्यामुळे कपाशीपुरता हा हक्क बव्हंशी कागदावरच राहिला आहे. देशी बी आता जनुकपेढ्यांत आहे; पण ठेव स्वीकारणारी आणि कधीही न फेडणारी पेढी लोक पेढी मानीत नाहीत. अजिंठ्याच्या परिसरातील सिल्लोड-सोयगावच्या शेतकऱ्याने मागितल्यास त्याच्याच पूर्वजांचे बी त्याला मूठभर तरी मिळेल, अशी व्यवस्था करणे हे या पेढ्यांचे यापुढील कर्तव्य आहे.