दगडी कोळशाच्या शेगडीत सरपण

आपल्या भाषेतली एक गंमत पाहा. नुसता 'कोळसा' म्हटले की तो लाकडाचा. खाणीतून निघणाऱ्याला मात्र 'दगडी' असे वेगळे सांगावे लागते. हा पाहुणा मागाहून आला, हे शब्दच सांगतो.

तो आला आगगाडीबरोबर. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, तेव्हाच्या एंजिनांसाठी कोळसा विलायतेहून जहाजाने येई. १८६७ साली हीच लोहवाट अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली. पुढच्या दशकात वरोऱ्याची खाण निघाली. तिकडे मद्रास रेल्वेची एंजिने लाकडावर धावत. रुळांखालच्या स्लीपरांना लागे ते लाकूड वेगळेच. जंगले अशी उतरू लागली, तेव्हा १८६४ साली ब्रँडिससाहेबांच्या हाताखाली सरकारला वनखाते काढावे लागले.

आता सेमाडोहला येऊ. परतवाड्याहून धारणीकडे जाताना सिपना नदीकाठी हे गाव लागते. कोरकू बोलीत 'सिपना' म्हणजे साग. अशा ठिकाणी दगडी कोळशाची जुनी लोखंडी शेगडी कुणाकडे आलीच, तर कोळसा आणायचा कुठून? भोवताली रान आहे. तेव्हा तीत सरपणच जाळावे, असे मनात येणारच.

पण नुसती लाकडे कोंबून भागत नाही, बरं का. दगडी कोळसा जाळीवर थर होऊन जळतो, त्याला हवा मुख्यतः खालून हवी. लाकूड तापले की त्याचा बहुतेक भाग आधी वायू होऊन सुटतो, आणि जाळ दिसतो तो त्या वायूचा. म्हणून त्याला हवा वरून हवी. जाळीवर बोटभर राख राहू द्यावी, खालचे दार बरेचसे लोटावे आणि लाकडाच्या वरच्या अंगाने हवेला वाट ठेवावी. सरपण वर्षभर वाळलेले घ्यावे. नुकत्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे पाणीच असते. उष्णता ते उकळण्यात जाते आणि धुराड्यात डांबर साचते. धुराडे मात्र कधीही बुजू देऊ नये. कोंडलेला वायू माणसाला झोपेतच नेतो.

इतके केले की शेगडी पेटेल. पण एक मण चांगल्या दगडी कोळशाच्या जागी सुमारे दोन मण लाकूड लागते. ती मोळी डोक्यावर आणते घरची बाई. आणि १९७४ पासून मेळघाट हा व्याघ्रप्रकल्प आहे. तिथले झाड म्हणजे काही आपल्या परड्यातले झाड नव्हे.

वर्ध्याच्या मगनवाडीतल्या मंडळींनी हा विचार फार आधी केला. त्यांची धुराडे असलेली मातीची 'मगन चूल' १९४७ च्या सुमारास पुढे आली. धूर घराबाहेर जावा आणि थोडक्या सरपणात स्वयंपाक व्हावा, हा तिचा हेतू.

तेव्हा वाचकहो, शेगडी बदलताना ती पेटते की नाही एवढेच पाहू नका. पूर्वीच्या चुलीपेक्षा चार काटक्या कमी लागल्या, तरच ती बदलली म्हणायची. १८६४ साली एंजिनांनी उभा केलेला प्रश्न आज आपल्या स्वयंपाकघरात आहे, इतकेच.