आपल्या दिंडीची ट्रॉली

शताब्दीच्या ग्रंथात दिंडीच्या मालकांचा, विणेकऱ्यांचा आणि कीर्तनपरंपरेचा इतिहास जाणकार मंडळींनी लिहिला आहे. आमच्या वाट्याला सामानाच्या गाडीचा इतिहास आला. कमिटीवाले म्हणाले, "महाराज, ट्रॉलीचं तुमीच ल्ह्या, तुमाला सगळं ठाऊक हाय." ठाऊक आहे हे खरे. त्यात आमचाही दोष आहे, तोही लिहितो, कारण तो सोडून लिहिले तर हा इतिहास होणार नाही.

वारी पायी असली तरी वारीला सामान लागतेच. हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींच्या सोहळ्याला हल्लीचे रूप दिले, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांकडून अश्व आले तसा तंबूही आला. म्हणजे तेव्हापासून चालणाऱ्याच्या मागे वाहणारा आहेच. आपण रथामागची माणसे. दिवसभर टाळ वाजवत चाललो तरी मुक्कामाला आपल्या आधी राहुट्या पोचाव्या लागतात, पाणी भरावे लागते, चुली पेटाव्या लागतात. सामानाची गाडी मागे राहिली की दोन-अडीचशे माणूस उपाशी.

आमच्या लहानपणी दोन बैलगाड्या होत्या. एक सरपण आणि शिध्याची, दुसरी पडशा आणि घोंगड्यांची. श्रीगोंदे तालुक्यातल्या आपल्या गावाहून आळंदीला आधी चार मुक्काम, मग सोहळ्याबरोबर पंढरपूर. ज्येष्ठात कोरडे ऊन असायचे, लाकूड आटायचे आणि चाकाची लोखंडी धाव सैल व्हायची. मग रात्री चाके ओढ्यात उभी करायची नाहीतर भिजती पोती गुंडाळायची, सकाळी धाव परत गच्च. गाडीवानाला कान होता. चालता चालता म्हणायचा, "डावं चाक बोलाया लागलं." लगेच थांबायचा. बैलगाडीचे एक बरे होते, मोडायच्या आधी ती आवाज द्यायची.

1972 च्या दुष्काळात बैल गेले. काही विकले, काही चाऱ्यावाचून मेले. त्यानंतर गाड्या जुंपल्याच नाहीत. पुढे पुष्कळ वर्षे भाड्याचा ट्रक. त्याचे फार लिहिण्यासारखे नाही. भाडे वाढत गेले, ड्रायव्हर दरवर्षी नवा, आणि एका साली तर ट्रकवाला लोणंदला सामान उतरवून दुसऱ्या भाड्याला गेला तो तिसऱ्या दिवशी उगवला. तेव्हा ठरले की दिंडीची स्वतःची ट्रॉली पाहिजे, ट्रॅक्टर गावातला कोणाचाही जोडता येईल.

2009 साली ट्रॉली घेतली. नवी घ्यायची ऐपत नव्हती. बायांनी पायली पायली ज्वारी घातली, पुरुषांनी उसाच्या बिलातून दिले, पंचेचाळीस हजार जमले. शेजारच्या गावात एकाची उसाची ट्रॉली विकाऊ होती, दोन चाकी. बघायला तिघे गेलो, त्यांत आम्ही होतो. ट्रॉली लालभडक. रंग इतका ताजा की हाताला वास येत होता. पुढच्या दांडीला, जिथे हुकाचा जोड असतो तिथे, एक पट्टी जास्तीची मारलेली दिसली. आम्ही बोट लावून बघितली. विकणारा म्हणाला, "मजबुतीसाठी मारलीय." आम्ही बरे म्हणालो. उसाच्या ट्रॉलीवर किती टन लादतात, शेतातून रस्त्यावर चढताना दांडीला कसा हिसका बसतो, हे आम्ही शेतकरी असून जाणत नव्हतो असे नाही. पण पैसे जमलेले, वारी तोंडावर, आणि स्वस्त मिळते आहे. नवा रंग जुन्या लोखंडाला का लागतो एवढा एक प्रश्न आम्ही विचारला नाही.

त्या ट्रॉलीने अकरा वाऱ्या केल्या हेही लिहिले पाहिजे. मागच्या फाळक्यावर देणगीदारांची नावे पिवळ्या रंगात लिहून घेतली. पहिले नाव आमच्या चुलत्यांचे. तेच पुढे होऊन वर्गणी मागायचे. ट्रॉली घेतल्यावर दोन वर्षांनी ते वारले. चुलती दर वारीला निघताना पदराने फाळका पुसायची.

2020 आणि 2021 ही दोन साले पायी वारी नव्हती. पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या, आपण घरी बसून हरिपाठ केला. ट्रॉली शाळेमागच्या चिंचेखाली उभी. दोन पावसाळे तिच्यात पाणी आणि पाला साचला, खालून पत्रा कुजला, टायरला भेगा पडल्या. 2022 ला वारी निघणार म्हटल्यावर आनंद एवढा की टायरात हवा भरली, बेरिंगला ग्रीस दिले आणि निघालो.

बरड सोडून नातेपुत्याकडे निघालो त्या दिवशीची गोष्ट. धर्मपुरीच्या अलीकडे पालखी मार्गाचे काम चालू होते. ट्रॅक्टरवाल्याने गर्दीला वाट द्यायला डावीकडे घेतले, साइडपट्टी खचली आणि डावे चाक खड्ड्यात गेले. एवढ्याने काही व्हायला नको होते. पण हिसका बसला आणि ती पट्टी मारलेली जागा उकलली. दांडी निम्मी तुटली, हौदा पुढे झुकला, बाजूचा पत्रा फाटला, पातेली रस्त्यावर गडगडली. मागे साखळी लावलेली होती म्हणून ट्रॉली सुटून माणसांत गेली नाही. वर अंथरुणांवर तीन म्हाताऱ्या बसलेल्या. पायाला फोड आले म्हणून आम्हीच बसवल्या होत्या. ट्रॉलीत माणसे बसवायला कायद्याने मनाई आहे हे आम्हाला माहीत होते, सगळ्यांना माहीत होते. तिघी अंथरुणांसकट खाली आल्या. दोघींना खरचटले. तिसरी आमची चुलती, तिचे मनगट मोडले.

त्या रात्री समाज आरतीला चोपदारांनी हरवल्या-सापडल्याचा पुकारा केला, त्यात आपले एक पातेले आणि दोन वळकट्या होत्या. पातेले मिळाले. चुलती हाताला प्लास्टर घालून टेम्पोत बसून पंढरपूरला आली. घरी जा म्हटले तर ऐकेना.

मोडकी ट्रॉली दुसऱ्या गाडीवर टाकून गावात आणली. आषाढ सरला, श्रावणात देवळात बैठक बसली. दुरुस्त करायची की मोडीत काढायची? तीन बैठका झाल्या, आणि आपल्या दिंडीत एवढा वाद आमच्या आठवणीत दुसरा नाही.

आधी तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याला आणून दाखवली. त्याने तारेच्या ब्रशने रंग काढला. रंगाखाली वेल्डिंग, त्याखाली आणखी वेल्डिंग, म्हणजे आपण घेतली त्याच्या आधीच ती जागा दोनदा तुटली होती. मग जॅकवर उचलून डावे चाक फिरवले, ते डुलत होते. एक्सलचे टोक वाकलेले. टायर आतल्या अंगाला जास्त झिजलेला, म्हणजे हेही एका दिवसाचे नव्हे. शेवटी त्याने दोरी मागितली. चासीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरली, गाठ मारली, मग दुसरे दोन कोपरे मोजले. दोन्ही सारखे यायला पाहिजेत. चार बोटांचा फरक आला. तो म्हणाला, "महाराज, पत्रा बदलता येतो, टायर बदलता येतो, एक्सलबी नवा टाकता येतो. चासीच पिळलीय. सरळ करीन, पर ती सरळ राहील असं मी लिहून देनार नाय." दुरुस्तीचा आकडा 58 हजार सांगितला. दिंडीची शिल्लक 71 हजार. नवी ट्रॉली दोन लाखाच्या घरात.

दुरुस्तीवाल्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शिल्लकेत बसते, पुढच्या वारीला स्वतःची गाडी राहते, आणि लोकांच्या ज्वारीतून आलेली वस्तू भंगारवाल्याला घालायची कशी? एक जण तर रडला. त्याच्या वडिलांचे नावही फाळक्यावर होते. आमचे मन पहिल्या बैठकीत दुरुस्तीकडेच होते. सामानच न्यायचे आहे, माणसे बसवू नका म्हणजे झाले, असे आम्ही बोललो. त्यावर चोपदार म्हणाले, "घाटात पाय सुजल्याली म्हातारी हात दावील, तवा तुमी नाय म्हनाल का?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या बैठकीत तिसरीच वाट निघाली. एक ऊसवाला ट्रॉली मागत होता. वेल्डिंग मारा, रंग द्या, 60 हजार देतो म्हणाला. वेल्डिंग-रंगाला दहा-बारा हजार, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार हातात. सगळ्यांचे चेहरे खुलले. फाळका काढून ठेवू, बाकीची देऊन टाकू. तेव्हा आम्ही उठलो आणि 2009 सालची पट्टीची गोष्ट सांगितली. तोवर ती कोणाला सांगितलेली नव्हती. बोट लावून बघितली होती आणि गप्प बसलो होतो, हे भर बैठकीत बोललो. म्हणालो, "आपुन फसलो त्याच रंगानं दुसऱ्याला फसवायचं, आन् वर उसाच्या गाडीवर त्याचं लेकरू बसनार." कीर्तनाला उभे राहून तीस-पस्तीस वर्षे झाली, पण त्या दिवशी पाय कापत होते. एक जण बोलला, "मंग महाराज, तवाच बोलायचं व्हतं." खरे होते ते.

तिसऱ्या बैठकीला चुलतीला बोलावले. नाव तिच्या धन्याचे, हात तिचा मोडलेला, तिला विचारल्यावाचून ठरवणे बरे नव्हते. ती दारातच बसली. म्हणाली, "फाळका ठिवा. बाकीचं कापा." एवढेच बोलली आणि चहा न घेता गेली.

तोडून विकायची ठरली, ती सुद्धा अख्खी नाही, कापून. म्हणजे कोणी परत जोडणार नाही. त्यात कागदाचे लचांड निघाले. ट्रॉली आपल्या नावावर कधी झालीच नव्हती, जुन्या मालकाच्याच नावावर. तोही वारलेला. त्याच्या मुलाच्या सह्या घेतल्या, चासी नंबरचा तुकडा कापून आर.टी.ओ.त दिला, नोंद रद्द करून घेतली. आमच्यासारख्या चौथी शिकलेल्याला यात पाच हेलपाटे पडले. मुलगा सह्या करताना खाली मान घालून होता, आम्हीही काही बोललो नाही.

गॅस कटरने कापायला अर्धा दिवस लागला. वजनकाट्यावर 1,140 किलो भरले, 29 रुपयांनी 33,060 आले. उजवे चाक आणि साखळी चांगली होती, ती वेगळी 6,500 ला गेली. एकूण 39,560. हिशेब वहीत आहे, कोणीही बघावा. रंग मारून विकली असती तर आठ-नऊ हजार जास्त आले असते, हेही वहीत लिहून ठेवले आहे. दोन घरे वर्षभर आमच्याशी बोलली नाहीत. पुढच्या आषाढीला त्यांतले एक घर आले, दुसरे अजून दुसऱ्या दिंडीत चालते.

तेव्हापासून सामानाला भाड्याचा टेम्पो आणि थकलेल्यांना एक जीप. सामानावर कोणी बसत नाही. चुलती दोन वाऱ्या जीपने आली, गेल्या साली घरीच राहिली. फाळका देवळाच्या कोठीला दार म्हणून बसवला आहे, नावे आतल्या बाजूला, पाऊस लागू नये म्हणून.

शताब्दीनिमित्त पुन्हा ट्रॉली घ्यायची यादी सुरू झाली आहे. नवी मिळाली तर नवी, नाहीतर वापरलेली. वापरलेली बघायला जाणाऱ्यांनी तारेचा ब्रश बरोबर न्यावा आणि मालकाला राग आला तरी दांडीचा रंग खरवडावा. कागद त्याच दिवशी दिंडीच्या नावावर करून घ्यावेत. मोजायची दोरी आमच्या घरी खुंटीला आहे, गाठ अजून तशीच आहे.