लंडनमधील पश्चिम आफ्रिकेचे घर

इ.स. १९२४ च्या एप्रिल महिन्यात लंडनजवळ वेंब्ली येथे ब्रिटिश साम्राज्याचे भव्य प्रदर्शन भरले. साम्राज्यातील देशोदेशींचा माल तेथे मांडला होता. पश्चिम आफ्रिकेच्या दालनात मालाबरोबर माणसेही मांडली गेली. तटबंदी उभारून आत एक आफ्रिकी गाव वसविले होते, आणि तिकडून आणलेले कारागीर प्रेक्षकांच्या नजरेखाली आपापली कामे करीत दिवस काढीत. त्याच सुमारास लंडनच्या एका सायंदैनिकाने नायजेरियातील लोक नरमांस खातात, काळी जादू करतात, असा मजकूर छापला.

त्या वेळी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करीत असलेल्या लादिपो सोलांके या नायजेरियन गृहस्थाला हा मजकूर सहन झाला नाही. (आडनाव ऐकून मराठी माणसाला आपल्याकडील सोळंक्यांची आठवण होईल, पण हे आडनाव अस्सल योरुबा आहे.) अबेओकुटा हे त्यांचे गाव. सिएरा लिओनमधील फुरा बे कॉलेजात शिकून ते १९२२ मध्ये विलायतेस आले होते. ऐन तारुण्य मागे पडलेले, पैशाची चणचण कायमची. त्यांनी ‘वेस्ट आफ्रिका’ या साप्ताहिकात निषेधाचे पत्र लिहिले. ते वाचून मार्कस गार्वी यांच्या पूर्वपत्नी एमी ॲशवुड गार्वी त्यांच्या मदतीस आल्या, आणि त्याच वर्षी मूठभर विद्यार्थ्यांची नायजेरियन प्रगती संघ ही संस्था निघाली. १९२४ च्या जून महिन्यात सोलांके यांनी नभोवाणीवरून योरुबा भाषेत भाषण केले. त्या भाषेचा आवाज नभोवाणीवर उमटण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. लंडनमध्ये ते समजणारे असे कितीसे असणार? तरीही ज्या शहरात आपल्या लोकांना प्रदर्शनात ठेवले आहे, त्याच शहराच्या आकाशात आपली भाषा एकदा घुमावी, असे त्यांस वाटले असल्यास नवल नाही.

ही भाषा मोठी नाजूक आहे. तीत स्वराच्या चढउताराने अर्थ पालटतो. ‘ओको’ या एकाच उच्चाराचा अर्थ सूर बदलला की नवरा, कुदळ, होडी किंवा भाला असा निरनिराळा होतो. मिशनऱ्यांनी इंग्रजी स्तोत्रांचे योरुबात भाषांतर केले, पण चाली मात्र इंग्रजीच ठेवल्या. चाल जेथे वर चढे तेथे शब्दाचा सूर खाली असे, आणि गाणाऱ्याच्या तोंडून भलताच अर्थ बाहेर पडे. अबेओकुट्याचेच एक धर्मगुरू, जोसाया जेसी रॅन्सम-कुटी, यांनी शब्दांच्या सुराला धरून चालणारी स्तोत्रे रचली. १९२२ मध्ये लंडनला आले असता झोनोफोन कंपनीसाठी त्यांनी आपली त्रेचाळीस गीते ध्वनिमुद्रित केली. त्यांची पुढे झालेली सून त्याच सुमारास, १९१९ ते १९२२ या काळात, इंग्लंडमध्ये शिकत होती. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली फ्रान्सिस ॲबिगेल ही नावे तिने तेथेच टाकून दिली आणि फुन्मिलायो या योरुबा नावाने ती मायदेशी परतली. पुढे स्त्रियांच्या चळवळीत गाजलेल्या फुन्मिलायो रॅन्सम-कुटी त्या याच. परदेशात गेलेली माणसे आपले नाव सोपे करून घेतात, असा सर्वसाधारण अनुभव. येथे उलट घडले.

नायजेरियापुरती संस्था सोलांके यांना अपुरी वाटू लागली. सिएरा लिओनचे डॉक्टर व पुढारी हर्बर्ट बँकोल-ब्राइट १९२५ मध्ये लंडनला आले असता त्यांच्या प्रेरणेने ७ ऑगस्ट रोजी एकवीस विद्यार्थी जमले आणि पश्चिम आफ्रिकी विद्यार्थी संघाची स्थापना झाली. सोलांके चिटणीस झाले. ‘पश्चिम आफ्रिकी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. घरी असताना यांपैकी कोणी योरुबा होता, कोणी फांटी, कोणी क्रिओ. त्यांच्या भाषा एकमेकांस कळत नसत, आणि त्यांचे देशही निरनिराळ्या गव्हर्नरांच्या हाताखाली होते. भाड्याची खोली मागावयास गेल्यावर दार लावून घेणाऱ्या लंडनच्या घरमालकिणीने मात्र त्यांच्यात असा काही भेद केला नाही. तिच्या दाराबाहेर उभे राहिल्यावर त्यांना आपण एका मुलखाचे आहोत हे उमगले.

संघाने मार्च १९२६ पासून एक नियतकालिक काढले. त्याचे नाव ‘वासू’. संघाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की हेच नाव होते, आणि योरुबात त्याचा अर्थ उपदेश करणे असा आहे. शब्द मूळचा अरबी; हैदराबादकडील वाचकांना उर्दूतील ‘वाझ’ चटकन आठवेल. या नियतकालिकात आफ्रिकेचा इतिहास, रूढी, कायदा यांवर लेख येत. ते सारे इंग्रजीत असत, ही त्यातील उणीव कोणासही दिसेल; परंतु या विद्यार्थ्यांना जोडणारी दुसरी भाषाच नव्हती. गोल्ड कोस्टचे, म्हणजे आजच्या घानाचे, जे. बी. डँक्वा हे संघाच्या आरंभीच्या अध्वर्यूंपैकी. लंडन विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळविली आणि १९२८ मध्ये आपल्या अकान समाजाच्या कायद्यांवर व चालीरीतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्रजांचा कायदा शिकता शिकता आपल्या आजोबांचा कायदा लिहून काढावा, हे त्यांना सुचले.

परंतु नियतकालिकावर कोणी राहू शकत नाही. सोलांके यांना घर हवे होते. १९२८ मध्ये मार्कस गार्वी यांनी वेस्ट केन्सिंग्टनमधील एक घर काही काळ संघाच्या हाती दिले. ती मुदत संपण्याच्या सुमारास सोलांके पैसा उभा करण्यासाठी पश्चिम आफ्रिकेला निघाले. १९२९ ते १९३२ असा तीन वर्षांचा हा दौरा. राजे, वकील, व्यापारी, सर्वांपुढे त्यांनी हात पसरला आणि गावोगावी संघाच्या शाखा काढल्या. परतताना त्यांच्यासोबत ओपेओलू ओबिसान्या होत्या. त्या त्यांच्या पत्नी झाल्या. १९३३ मध्ये लंडनच्या उत्तरेस कॅम्डन रोडवर वसतिगृह उघडले आणि त्याची व्यवस्था ओपेओलूंनी हाती घेतली. विद्यार्थी त्यांना ‘मामा वासू’ म्हणत. टोमॅटो, कांदा, मिरची घालून शिजविलेला जोलोफ भात, शेंगदाण्याचा घट्ट रस्सा असे घरचे जेवण तेथे मिळे. (मिरची आणि भुईमूग ही दोन्ही मूळची अमेरिकेची, पण वऱ्हाडात काय किंवा अबेओकुट्यात काय, ती परकी आहेत असे आता कोण म्हणेल?) व्याख्याने, वादविवाद, नाचगाणी हेही तेथे चाले. तरी दिवसभर थंडीत, परक्या नजरा झेलीत हिंडलेल्या मुलाला संध्याकाळी आपल्या भाषेत हाक मारून ताट वाढणारे कोणी असणे, याची किंमत व्याख्यानाहून अधिकच होती.

इंग्रज सरकारच्या वसाहत खात्यालाही या मुलांची काळजी होती. मात्र ती वेगळ्या प्रकारची होती. मुले जहाल मंडळींच्या नादी लागतील या भीतीने खात्याच्या पुढाकाराने १९३४ मध्ये डाउटी स्ट्रीटवर ॲग्री हाउस हे दुसरे वसतिगृह उघडले. नाव दिले ते गोल्ड कोस्टचे थोर शिक्षक जेम्स ॲग्री यांचे. संघाने बहिष्कार पुकारला. आफ्रिकी विद्यार्थ्यांवर ताबा ठेवण्याचा हा सरकारी डाव आहे, असे सांगणारी पुस्तिकाही छापली. सोलांके यांची बाजू सरळ होती. छप्पर ज्याचे, चर्चेचा विषय ठरविणाराही तोच. म्हणून ओढाताण झाली तरी घर आपल्याच पैशाचे हवे. लंडनमध्ये हायगेट येथे १९०५ साली श्यामजी कृष्णवर्मा यांनी उघडलेले आणि सावरकरांच्या वास्तव्याने गाजलेले इंडिया हाउस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही बाजू सहज पटेल. व्यवहार मात्र तत्त्वाइतका सरळ नव्हता. कर्जाचा बोजा वाढत गेला, आणि काही वर्षांनी संघाला सरकारी साहाय्य घ्यावे लागले. १९३८ मध्ये संघ कॅम्डन स्क्वेअरजवळ मोठ्या जागेत गेला. ॲग्री हाउस १९४० मध्ये सरकारनेच बंद केले. तेथेही जहाल विचार शिरल्याची खात्याची तक्रार होती.

पुढचा भाग राजकारणाचा आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये ॲटली यांनी संघाच्या सभेत, अटलांटिक सनदेतील स्वातंत्र्याची तत्त्वे सर्व वंशांना लागू आहेत, असे सांगितले. महिनाभरात चर्चिल यांनी पार्लमेंटात त्याला युरोपची मर्यादा घातली. १९४५ मध्ये लंडनला आलेले क्वामे एन्क्रुमा संघाचे उपाध्यक्ष झाले आणि १९५७ मध्ये स्वतंत्र घानाचे पंतप्रधान. त्या देशाला घाना हे प्राचीन नाव सुचविण्याचे श्रेय डँक्वा यांना देतात. तेच डँक्वा एन्क्रुमा यांच्या राजवटीत, १९६५ मध्ये, तुरुंगात मरण पावले. एकाच घराशी नाते सांगणारी ही दोन माणसे.

सोलांके मायदेशी स्थायिक झालेच नाहीत. तरुण पिढीशी त्यांचे मतभेद झाले, संघ त्यांच्या हातून गेला. तरी विद्यार्थ्यांसाठी वेगळे वसतिगृह ते चालवीत राहिले. १९५८ मध्ये लंडनमध्येच त्यांचे निधन झाले. घाना स्वतंत्र होऊन वर्ष उलटले होते. त्यांच्या नायजेरियाला अजून दोन वर्षे होती.