फुलांची देवी : मकरंदोद्यानापासून पद्मानगरापर्यंत

वसंतात प्रेमाच्या देवतेविषयी बोलायचे, तर रीतीप्रमाणे मदनापासून आरंभ करावा लागतो. ७ व्या शतकातील हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटकात नगरजन रस्त्यांवर रंग उधळतात. परंतु मदनाची पूजा राणी वासवदत्ता करते ती मकरंदोद्यानात, अशोकाच्या झाडाखाली. देव सर्वांचा, बाग मात्र राजाची. रोमन लोकांत व्हीनस ही प्रेमाची देवी होती आणि भाजीमळ्यांची रक्षकही तीच. १९ ऑगस्टच्या तिच्या सणाला माळी काम बंद ठेवीत, असे व्हारो नावाचा पंडित नोंदवून ठेवतो. देवीच्या नावाने कामकऱ्याला सुटी मिळाल्याची ही नोंद आम्हांस मोलाची वाटते.

आता आपल्या भिवंडीकडे येऊ. तेलंगणातून मागावर पोट भरण्यास आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी आपल्याबरोबर बतुकम्मा आणली. तेलुगूत ‘बतुकु’ म्हणजे जगणे आणि ‘अम्मा’ म्हणजे आई. एका चोळ राजाची शंभर मुले गेली, तेव्हा लक्ष्मी त्याच्या पोटी आली आणि सर्वांनी तिला ‘जग, बाई’ असा आशीर्वाद दिला, अशी लोककथा आहे. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बायका फुलांचे थर रचून तिचा मनोरा करतात, त्याभोवती टाळ्या देत फेर धरतात आणि शेवटी तो पाण्यात सोडतात.

फुले कोणती, हे नीट पाहावे. तरवड माळावर उगवते. कुरडू हे तर शेतातले तण. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगीज येऊ लागल्यानंतर या देशात रुजलेला. माळावरचे, बांधावरचे आणि परदेशचे अशी सारी फुले एका थाळीत बसतात. ज्यांच्या मालकीची वीतभर बाग नाही, त्यांनी रचलेली ही बाग आहे. तिच्या शेंड्यावर हळदीची गौरम्मा असते. आपल्या घरी चैत्रात झोपाळ्यावर बसते तीही गौरच. आंब्याची डाळ आणि पन्हे घेताना हे नाते ध्यानात ठेवावे.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी कांड्या भरणाऱ्या बायकांच्या मजुरीसाठी आम्ही नेमकी नवव्या रात्री सभा ठेवली. एकही बाई आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही रागे भरलो, तेव्हा एक वयस्क बाई शांतपणे म्हणाली, “दादा, माहेर चारशे कोस दूर. वर्षातून एक रात्र ते चाळीत येतं. तीही तुम्ही मागता?” आम्ही निरुत्तर झालो. प्रेम म्हणजे केवळ मदनाचा बाण नव्हे. परमुलखात एकमेकींचे माहेर होणे हेही प्रेमच.

या देवीचे जुने देऊळ दाखवता येत नाही, मूर्ती उत्खननात सापडणार नाही. दरवर्षी ती पाण्यात विरघळते. २०१४ साली तेलंगण राज्याने तिला राज्योत्सवाचा मान दिला. पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या तिला टिकवले ते बायकांच्या कंठांनी. जो इतिहास केवळ दगडावर कोरलेले वाचतो, त्यातून ही देवी निसटते आणि तिच्याबरोबर तिला रचणारे हातही निसटतात.

आमच्या युनियनच्या कॅलेंडरवर त्या रात्रीभोवती आता लाल खूण असते. त्या रात्री सभा नाही. पुढच्या सभेला मात्र बायका सर्वांच्या आधी येऊन बसतात.