बहिष्कृताची वर्गणी : कर्व्यांच्या संस्था कोणाच्या पैशावर उभ्या राहिल्या?

१/ ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात एक विवाह झाला. वर होते फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे. वधू होती देवरुखच्या जोशी घराण्यातील बालविधवा गोदूबाई, म्हणजेच पुढच्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. या विवाहाबद्दल कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे याच कर्व्यांनी सनातनी समाजाच्या दारी जाऊन विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागितले आणि त्या समाजाने ते दिले. हे कसे घडले आणि त्याची किंमत काय पडली, त्याची ही हकिगत.

२/ वर्गणी गोळा करणे कर्व्यांना नवे नव्हते. दापोलीजवळच्या मुरूडचे अनेक लोक नोकरीधंद्यानिमित्त मुंबईत व इतरत्र विखुरले होते. गावाबाहेर कमावणाऱ्यांनी थोडा थोडा पैसा बाजूला काढावा आणि त्यातून गावाची सार्वजनिक कामे व्हावीत, या हेतूने 'मुरूड फंड' उभारण्यात तरुण कर्वे पुढे होते. दूर राहूनही एका गावचे म्हणवणाऱ्यांचा तो फंड होता. पुनर्विवाहानंतर त्याच गावात कर्व्यांना पंगत मिळेना. वृद्ध आई आणि भावालाही या बहिष्काराची झळ पोहोचली. ज्यांच्याशी मिळून फंड करायचा ते लोकच पाठ फिरवू शकतात, हा धडा त्यांना ऐन पस्तिशीत मिळाला.

३/ दुसरा धडा पुण्यातच होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. बाया ही तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. सदनाचा खर्च मुख्यतः अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनच्या मदतीवर चाले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. संस्थेला निधीची उणीव नव्हती. भोवतालच्या समाजाचा विश्वास मात्र तिने एका फटक्यात गमावला होता.

४/ या पार्श्वभूमीवर १४ जून १८९६ रोजी डॉ. रा. गो. भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. हेतू असा की, हिंदू विधवांना शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे करावे, आणि त्यासाठीचा पैसा याच समाजाकडून यावा. कर्व्यांनी आरंभीच स्वतःची १००० रुपयांची शिल्लक संस्थेला दिली. दुसऱ्याकडे मागण्यापूर्वी आपल्या गाठीचे मोकळे करावे, हा नेम त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

५/ या नेमाचा भार घरावर पडे, हेही नोंदवले पाहिजे. शिल्लक गेली, पुढे आयुर्विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे झाली. बायांच्या 'माझे पुराण' या आत्मकथनात अशा दातृत्वाची दुसरी बाजू दिसते. पती लोकांसाठी झिजत असता मुलांचे आणि घराचे काय, ही चिंता पत्नीने वाहिली. दात्यांच्या याद्या छापल्या जातात, पण ज्यांच्या ताटातले थोडे कमी झाले त्यांची यादी कुठेच छापली जात नाही.

६/ खरा पेच पैशाचा नव्हता, उद्दिष्टाचा होता. कर्वे विधवाविवाहाच्या मंडळीचे चिटणीस होते. लोक म्हणत, आश्रम म्हणजे विधवांची लग्ने जुळवण्याचे ठिकाण. ही शंका असेपर्यंत सनातनी घरातून ना मुलगी आली असती, ना वर्गणी. तेव्हा कर्व्यांनी दोन्ही कामांत स्पष्ट भिंत घातली. आश्रम केवळ शिक्षण देईल, पुनर्विवाहाचा प्रचार करणार नाही, असे ठरले आणि विधवाविवाहाच्या मंडळीचे चिटणीसपद त्यांनी सोडले.

७/ यावर काही सुधारकांनी नाराजी व्यक्त केली. ज्याने स्वतः विधवेशी विवाह केला, त्यानेच लोकानुनयासाठी तो प्रश्न बाजूला ठेवावा, हे त्यांना माघारीसारखे वाटले. आक्षेप निराधार नव्हता. परंतु कर्व्यांचा हिशेब वेगळा होता. पुनर्विवाहाला तयार असलेली कुटुंबे मोजकी होती. मुलीचे उरलेले आयुष्य स्वयंपाकघराच्या अंधारात जाऊ नये असे वाटणारी कुटुंबे मात्र पुष्कळ होती. ज्या किमान गोष्टीवर अधिकांत अधिक लोक एकत्र येतील, तेवढ्याच गोष्टीसाठी त्यांनी हात पसरला.

८/ १८९९ च्या सुमारास पुण्याच्या सदाशिव पेठेत भाड्याच्या जागेत आश्रम सुरू झाला. मग प्लेगने शहर ओस पडू लागले. तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहराबाहेर हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी ७५० रुपये दिले. १९०० मध्ये आश्रम त्या माळावर गेला. दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि संध्याकाळी चिखल तुडवत सुमारे चार मैल चालून हिंगण्याला पोहोचायचे, असा कर्व्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला.

९/ निधी जमवण्याची त्यांची रीत साधी होती. महाविद्यालयाच्या सुट्या म्हणजे वर्गणीचे दौरे. गावोगावी ओळखीचा एखादा वकील, शिक्षक किंवा कारकून गाठायचा आणि त्याच्यासह घरोघरी जायचे. रक्कम कितीही लहान असली तरी ती स्वीकारायची. वर्षअखेरीस छापील अहवालातून जमाखर्च लोकांपुढे मांडायचा. कर्वे वक्ते म्हणून प्रसिद्ध नव्हते. त्यांच्या भाषणात ना आवेश, ना अलंकार. गणिताच्या या शिक्षकाचे वक्तृत्व त्याच्या आकडेवारीत होते. वर्गणीदाराला पुढच्या वर्षी पुन्हा भेटायचे आहे, याचे भान त्या आकड्यांत असे.

१०/ या कामात कर्व्यांइतकेच मोलाचे नाव म्हणजे पार्वतीबाई आठवले. त्या बायांच्या भगिनी. विसाव्या वर्षाच्या आसपास वैधव्य आले, पदरी मुलगा होता. त्या काळच्या रूढीप्रमाणे केशवपन झालेले. मोठ्या वयात अक्षराभ्यास करून त्या हिंगण्याच्या कामात शिरल्या आणि आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी जमवू लागल्या. पुरुष चिटणीसाला जिथे ओसरीवरूनच परतावे लागे, तिथे लाल आलवणातील विधवा थेट माजघरात पोहोचू शकत असे. ज्या रूढीने त्यांचे आयुष्य खुंटवले, त्या रूढीच्या वेषामुळेच सनातनी घरांची दारे त्यांच्यासाठी उघडत. पुढे मात्र त्यांनी केशवपनाचा त्याग केला आणि त्या प्रथेविरुद्ध उघड भूमिका घेतली.

११/ १९१८ मध्ये पार्वतीबाई अमेरिकेस गेल्या. इंग्रजी फारसे येत नव्हते. ते शिकावे आणि आश्रमासाठी मदत मिळवावी, हा उद्देश. तिथे उदरनिर्वाहासाठी त्यांनी परक्या घरांत घरकाम केले. १९२० पर्यंतचा हा प्रवास आणि त्याआधीचे आयुष्य त्यांनी 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात लिहिले. स्त्री-शिक्षणाच्या इतिहासात संस्थापकांची चरित्रे पुष्कळ आढळतात. झोळी घेऊन फिरणाऱ्या स्त्रीने स्वतः लिहिलेला वृत्तान्त दुर्मीळच, आणि म्हणून त्याचे मोल अधिक.

१२/ आता या यशाची उणी बाजू. आश्रमाचे दार आरंभी सर्वांना खुले नव्हते. ते प्रामुख्याने ब्राह्मण विधवांपुरते होते. शूद्रातिशूद्र मुलींसाठी फुले दांपत्याने अर्धशतकापूर्वी याच पुण्यात शाळा चालवल्या होत्या, हे ध्यानात घेता ही मर्यादा अधिकच ठळक दिसते. वर्गणी देणारा समाज सोवळेओवळे पाळणारा होता. सर्व जातींच्या मुली एका पंगतीस बसवल्या असत्या, तर त्यातील बहुतेकांनी हात आखडता घेतला असता. समाजाकडून पैसा घेताना समाजाचे पूर्वग्रहही संस्थेत येतात. कर्व्यांनी ते पत्करले. त्याचा भार मात्र दाराबाहेर राहिलेल्या मुलींवर पडला.

१३/ पुढचा टप्पा महिला विद्यापीठाचा. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कर्व्यांच्या हाती आली आणि ३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ही कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरूही झाले. भांडारकर कुलपती आणि रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू झाले. सरकारी मान्यता नव्हती, इमारत नव्हती, महाविद्यालयातील विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. होती ती नियमित वार्षिक वर्गणी देणाऱ्यांची यादी. या वर्गणीदारांनाच विद्यापीठाच्या कारभारासाठी प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार होता. वर्गणी देणारा मतदारही असावा, ही त्या काळाच्या मानाने लक्षणीय योजना म्हटली पाहिजे.

१४/ परंतु विद्यापीठ किरकोळ वर्गणीवर चालणे कठीण होते. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी पत्नी प्रेमलीला यांच्यासह जपानला गेले असता त्यांनी तेथील महिला विद्यापीठ पाहिले. १९२० मध्ये त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्यातून व्याजापोटी दरसाल ५२,५०० रुपये मिळू लागले आणि विठ्ठलदासांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला देण्यात आले. आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ ते हेच.

१५/ एवढ्या मोठ्या रकमेसोबत अटीही आल्या. विद्यापीठाचे मुख्य ठिकाण मुंबईला असावे, ही त्यांतली एक. १९२२ मध्ये विठ्ठलदासांचे निधन झाले. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांच्या विश्वस्तांशी मतभेद होऊन वार्षिक रक्कम काही काळ थांबली. तडजोडीनंतर मार्ग निघाला आणि १९३६ मध्ये मुख्यालय पुण्याहून मुंबईस गेले. दहा वर्गणीदार रुसले तर संस्थेला चिमटा बसतो. एकच आधारस्तंभ हलला तर छप्परच डगमगते. अर्थात त्या देणगीवाचून विद्यापीठ तगले असते, असेही म्हणता येत नाही.

१६/ या काळात कर्वे स्वस्थ बसले नव्हते. १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले. परतल्यावर पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेचा दीर्घ प्रवास झाला. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या भारतीयांना भेटून त्यांनी विद्यापीठासाठी मदत मागितली. मुंबईत राहणाऱ्या मुरूडकरांना गावासाठी हाक देणारा तरुण आता समुद्रापार गेलेल्यांना देशातील मुलींसाठी हाक देत होता. वर्तुळ विस्तारले, दूर गेलेल्या माणसाचा मागे राहिलेल्यांशी काही संबंध उरतो, ही श्रद्धा तीच.

१७/ १९३६ मध्ये विद्यापीठ मुंबईच्या मार्गाला लागले, तेव्हा कर्वे ७८ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा सुरू करणे, हे काम. त्यांचे निवृत्तिवेतन महिना ७० रुपये. त्यातील १५ रुपये त्यांनी आधी स्वतःच्या नावावर वर्गणी म्हणून लावले, मग पुण्यातल्या घरांच्या पायऱ्या चढू लागले. लाखांची देणगी पाहिलेला हा वृद्ध पुन्हा रुपया-आठ आण्यांसाठी दार ठोठावत होता. या मंडळाने सुमारे ४० शाळा चालवल्या.

१८/ १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, त्यांनी जातिभेद निवारणासाठी समता संघ स्थापन केला. आश्रमाच्या दारातून पूर्वी जी गोष्ट आत येऊ शकली नाही, तीच या संघाचे ध्येय झाली. उशीर झाला होता, हे खरे. पण वर्गणीदारांचा विश्वास राखण्यासाठी पन्नास वर्षांपूर्वी गिळलेला प्रश्न त्यांनी कायमचा पुरून टाकला नाही, हेही तितकेच खरे.

१९/ विद्यापीठाला १९५१ मध्ये वैधानिक मान्यता मिळाली. १९५८ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न देण्यात आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हिंगण्याच्या त्या माळावर आज मोठे शैक्षणिक संकुल उभे आहे आणि तो परिसर कर्वेनगर या नावाने ओळखला जातो.

२०/ आज एखाद्या कामासाठी लोक मिनिटभरात एकत्र येतात आणि बोटाच्या एका स्पर्शाने पैसा पोहोचतो. कर्व्यांपुढचे प्रश्न मात्र तसेच उभे आहेत. पहिला रुपया कोणी घालायचा? किती मागितले म्हणजे अधिक लोक सोबत येतील, आणि त्यासाठी काय गिळावे लागेल? मोठा दाता मिळाल्यावर लहान वर्गणीदारांचे स्थान काय? आणि ज्यांच्यासाठी फंड काढला, त्यांच्यापैकी कोण अजून दाराबाहेर उभे आहे? कर्व्यांना या सर्वांची उत्तरे साधली नाहीत. शेवटच्या प्रश्नाला हात घालायला तर त्यांची ८६ वर्षे उलटली. (समाप्त)