खिळ्यागणिक एक शब्द

आज जरा लांबच्या मुलुखात जायचे आहे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लाकडाचा एक पुतळा आहे. उंची ११८ सेंटीमीटर, म्हणजे पहिली-दुसरीतल्या मुलाएवढी. दोन्ही हात कमरेवर, अंग किंचित पुढे झुकलेले, डोळे पांढरे आणि टक लावून पाहणारे. आणि छातीपासून पोटापर्यंत सगळीकडे ठोकलेले लोखंड! खिळे, पाती, पाचरी, स्क्रू. मोजायला बसलो तर संध्याकाळ व्हायची. या पुतळ्याचे नाव मांगाका. संग्रहालयाने तो २००८ साली घेतला, पण घडला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर.

त्याचे चित्र पाहिले की आपल्या माणसाच्या तोंडून एकच शब्द निघतो, "करणी!" टाचण्या टोचलेली बाहुली, काळे कापड, लिंबू, हे सगळे आपण ऐकलेले असते, सिनेमात पाहिलेले असते. कुणाचे तरी वाईट व्हावे म्हणून त्याच्या प्रतिमेला टोचायचे, असेच काहीतरी असणार, अशी आपली समजूत होते. युरोपातून तिथे गेलेल्यांनीही फारसा वेगळा विचार केला नाही. प्रत्यक्षात त्या खिळ्यांचा अर्थ फार निराळा आहे. तो समजला की पुतळ्याची भीती कमी होते आणि आदर वाढतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

काँगो नदी जिथे समुद्राला मिळते त्या भागात कोंगो नावाचा लोकसमूह राहतो. आजच्या नकाशात त्यांचा मुलूख दोन्ही काँगो देश आणि अंगोला (त्यात काबिंदाही आला) यांत वाटला गेला आहे. नकाशावरच्या या रेघा युरोपीय सत्तांनी आपसांत वाटाघाटी करून मारल्या. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेबद्दल आपण शाळेत वाचलेले असते. शाळेच्या पुस्तकात आफ्रिका येते ती बहुधा अशा वाटणीपुरतीच. तिथला माणूस शपथ कशी घेत असे, भांडण कसे मिटवत असे, आजाराचे कारण कुठे शोधत असे, हे त्या धड्यात कधी येत नाही.

कोंगो भाषेत एक शब्द आहे, न्किसी. त्याचे अनेकवचन मिन्किसी. याचा अर्थ मूर्ती असा नाही आणि देव असाही नाही. कोंगो लोकांचा परमेश्वर म्हणजे न्झांबी. तो दूर असतो, त्याची मूर्ती कुणी करत नाही. न्किसी म्हणजे परलोकातल्या शक्तीला या जगात बसायला दिलेले ठाणे. ते ठाणे मडके असू शकते, कापडाचे गाठोडे असू शकते, शिंपला किंवा पिशवीही असू शकते. लाकडी पुतळा हा त्यातला फक्त एक प्रकार. पण संग्रहालयात मांडायला पुतळा बरा दिसतो. त्यामुळे जगाला पुतळेच ठाऊक झाले.

पुतळा घडवायला दोन माणसे लागत. पहिला सुतार-शिल्पी. तो लाकूड कोरून आकृती करी आणि पोटात किंवा डोक्यात एक पोकळी ठेवी. त्याचे काम इथे संपले. तोवर ती वस्तू म्हणजे नुसते लाकूड. दुसरा माणूस न्गांगा. वैद्य, पुरोहित आणि जाणता असे तिन्ही एकात. तो त्या पोकळीत बिलोंगो भरी, म्हणजे औषधी द्रव्ये, आणि वरून राळेने बंद करून बहुधा आरशाचा किंवा काचेचा तुकडा बसवी. आपल्याकडे मूर्तिकाराच्या हातून आलेली मूर्ती प्राणप्रतिष्ठेपर्यंत देव नसते, त्याच्याशी हे किती जुळते! फरक इतकाच की आपल्याकडे मंत्रांनी जे होते, ते तिथे पोटात ठेवलेल्या जिनसांनी होई.

या जिनसांची गंमत मराठी शिकलेल्या माणसाला फार आवडावी अशी आहे. कोणती वस्तू घालायची हे पुष्कळदा तिच्या नावावरून ठरे. लुयाला नावाचे फळ घालायचे, कारण याला म्हणजे सत्ता चालवणे. न्कांदिकिला घालायचे, कारण कांदिका म्हणजे मनाई करणे. म्हणजे हा चक्क श्लेष झाला! न्किसीच्या पोटात न्गांगा एक वाक्यच रचून ठेवत असे, फक्त अक्षरांऐवजी वस्तूंनी. नदीकाठची किंवा थडग्याजवळची पांढरी माती, म्पेम्बा, हीदेखील त्यात असे. म्पेम्बा हेच मृतांच्या जगाचेही नाव. त्या जगाची आणि आपली वेस म्हणजे पाणी, अशी कोंगो लोकांची कल्पना. पोटावरचा आरसा म्हणजे त्या पाण्याचा पृष्ठभाग, त्यातून पलीकडचे दिसते.

ज्यांना खिळे ठोकत ते न्कोंदी. न्कोंदी म्हणजे शिकारी, गुन्हेगाराचा माग काढणारा. सगळे मिन्किसी असे उग्र नव्हेत. काही पाण्याशी आणि जमिनीशी जोडलेले, आजार बरे करणारे. काही आकाशाशी आणि विजेशी जोडलेले, न्यायनिवाडा करणारे. मांगाका हा या दुसऱ्या जातीतला, आणि त्यातही फार मोठ्या मानाचा.

आता खिळ्यांकडे येऊ. समजा दोन गावांत तंटा झाला आणि तो मिटला. किंवा कुणी देणे फेडायचे वचन दिले. किंवा चोरी झाली आणि चोर सापडत नाही. मग संबंधित माणसे न्गांगाबरोबर पुतळ्यापुढे येत. आपले म्हणणे सगळ्यांसमक्ष मोठ्याने सांगत, आणि एक खिळा किंवा पाते पुतळ्यात ठोकले जाई. कधी ते आधी जिभेने चाटत, म्हणजे माणसाची थुंकी त्याला लागे. कधी केस किंवा अंगावरच्या कापडाची चिंधी बांधत. शब्द कुणाचा आहे याची ही ओळख. त्या घटकेपासून पुतळा साक्षीदार झाला. जो शब्द मोडील त्याच्या मागे तो शिकारी लागणार, ही सगळ्यांची खात्री.

म्हणजे पहा, खिळा शत्रूला टोचलेला नव्हता. तो दिलेल्या शब्दाचा होता. मराठीत आपण शब्द "देतो", शब्द "पाळतो", शब्दाला "जागतो". कोंगो माणूस शब्द ठोकत असे. पेशवाईच्या कागदांत बेलभंडार उचलल्याचे उल्लेख येतात, ती हीच गोष्ट. फरक असा की बेलाचे पान सुकून जाते आणि खिळा राहतो. शंभर-दीडशे वर्षांनीही त्या पुतळ्याच्या अंगावर दिसतो. लिपी न वापरणाऱ्या समाजाचे ते दप्तर आहे. एकेक खिळा म्हणजे एकेक करारनामा, खालच्या सहीसकट. ज्याने ठोकला तो गेला, ज्याच्याविरुद्ध ठोकला तोही गेला. कराराचा मजकूर कुणालाच आठवत नाही. सही मात्र आहे.

बाहेरच्यांनी याला काय नाव दिले? दियोगो काऊँ हा पोर्तुगीज दर्यावर्दी १४८३ मध्ये काँगोच्या मुखाशी पोचला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला येण्याच्या पंधरा वर्षे आधी. पुढे १४९१ मध्ये कोंगोच्या राजाने बाप्तिस्मा घेतला. या किनाऱ्यांवरच्या पवित्र वस्तूंना पोर्तुगीजांनी फेइतिसु म्हटले. त्यावरूनच इंग्रजीत फेटिश आला. फेइतिसु म्हणजे मूळ अर्थाने "केलेले", मुद्दाम घडवलेले. आणि आपली करणी? तीसुद्धा "करणे" यातूनच आलेली! दोन भाषांना एकच गोष्ट सुचावी याचे मला फार नवल वाटले. गोव्यातही पोर्तुगीजांनी आपल्या मांत्रिकांना याच शब्दाच्या पोटातला फेइतिसेइरु हा शब्द लावला. एकच शिक्का घेऊन ते सगळ्या किनाऱ्यांवर फिरले.

१६४५ पासून कापुचिन पंथाचे मिशनरी आले आणि त्यांनी मिन्किसी जाळले. पण कोंगो लोकांनी आपला शब्द सोडला नाही. ख्रिस्ताच्या क्रुसालाही ते न्किसीच म्हणू लागले. ज्या वस्तूत पलीकडची शक्ती वस्ती करते ती न्किसी, मग ती कुणीही आणलेली असो.

एकोणिसाव्या शतकात गुलामांचा व्यापार मागे पडून रबर आणि पामतेलाचा व्यापार वाढला. किनाऱ्यावर युरोपीय कोठ्या उघडल्या. व्यापार म्हटला की करार आले, देणी आली, तंटे आले. मांगाकांसारखे मोठे न्कोंदी याच काळातले आहेत. बाहेरचा दाब वाढत असताना गावांनी आपल्या कायद्याला दिलेले ते रूप होते, असे मला वाटते. लोखंड बरेचसे युरोपातून आलेले, न्याय मात्र तिथला.

आणि म्हणूनच पुतळे उचलले जाऊ लागले. १८७८ साली बोमा या बंदरात तिथले नऊ राजे आणि युरोपीय व्यापारी यांच्यात संघर्ष झाला. अलेक्झांडर देलकोम्यून नावाच्या बेल्जियन व्यापाऱ्याने त्या वेळी ने कुको या राजाचा न्कोंदी पळवला. राजाने तो परत मागितला. देलकोम्यूनने दिला नाही. आपल्या हाती काय लागले आहे हे तो पुरते जाणून होता. नुसता लाकडी ओंडका असता तर राजा मागायला कशाला आला असता? गावाचे दप्तर आणि न्यायासन दोन्ही एकाच वेळी गेले होते. तो पुतळा पुढे बेल्जियममधल्या तेर्व्युरेनच्या संग्रहालयात गेला.

सगळेच पुतळे असे लुटले गेले, असे म्हटले तर ते अर्धेच खरे होईल. काही विकले गेले, काही मिशनऱ्यांच्या धाकाने दिले गेले, काही लोकांनी स्वतःहून टाकले. १९२१ मध्ये सिमॉन किंबांगू या कोंगो धर्मोपदेशकाने मिन्किसी सोडून द्या असे सांगितले तेव्हा लोकांनी ते ऐकले. बेल्जियन सरकारने त्याच किंबांगूला आधी फाशी आणि मग जन्मठेप सुनावली. तो १९५१ मध्ये तुरुंगातच वारला. म्हणजे पुतळे मानणारा नको आणि न मानणाराही नको. नको होती ती लोकांनी एकत्र येऊन ठरवण्याची ताकद.

२०१५ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने कोंगो कलेचे मोठे प्रदर्शन भरवले. जगात माहीत असलेल्या वीसेक मांगाकांपैकी पंधरा तिथे एका दालनात उभे होते. त्यानिमित्त झालेल्या तपासणीत अभ्यासकांना एक गोष्ट दिसली. कित्येक मांगाकांच्या पोटातले बिलोंगो मुद्दाम काढून घेतलेले होते. परक्याच्या हाती देण्याआधी न्गांगाने त्यातली शक्ती काढून घेतली असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपण उत्तरपूजा करून गणपती हलवतो आणि मग उरते ती माती, तसेच हे. युरोपने जे नेले त्यातले मुख्य आधीच काढून घेतलेले होते! हे वाचून मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू.

पण हे समाधान फार वेळ टिकत नाही. बिलोंगो वाचले, न्यायाची जागा वाचली नाही. पुतळ्यापुढे उभे राहून शब्द देणारी माणसे होती, तो ऐकणारे गाव होते, मोडला तर काय होईल याचे भय होते. हे सगळे विस्कटले. लिओपोल्ड राजाच्या अमदानीत, १८८५ ते १९०८ या काळात, काँगोच्या लोकांचे रबरासाठी जे हाल झाले ते जगजाहीर आहे. त्या काळात कुणी कुणापुढे खिळा ठोकायचा?

काँगो १९६० मध्ये स्वतंत्र झाला. १९७३ मध्ये मोबुटूंनी संयुक्त राष्ट्रांत उभे राहून आपल्या वस्तू परत मागितल्या. १९७६ ते १९८२ या काळात तेर्व्युरेनहून ११४ वस्तू किन्शासाला गेल्या. २०२२ च्या जूनमध्ये बेल्जियमचे राजे फिलिप यांनी सुकू लोकांचा काकुंगू मुखवटा किन्शासाच्या संग्रहालयाला दिला, पण "बेमुदत उसना" म्हणून! त्याच वर्षी वस्तू परत करण्याची वाट मोकळी करणारा कायदा बेल्जियमने केला. ने कुकोच्या वंशजांनीही आपला न्कोंदी मागितला आहे.

काहीजण विचारतात, आता तो परत नेऊन करणार काय? पोट रिकामे, न्गांगा नाही, खिळे ठोकणारे नाहीत. प्रश्न वाजवी वाटतो, पण तो विचारण्याचा अधिकार कुणाचा? एखाद्याच्या घरचे जुने खत आपल्याकडे असेल, तर त्यातला व्यवहार संपला आहे म्हणून ते आपले होत नाही. ते त्याच्या घरी गेले पाहिजे. तो पूजेला लावील, पेटीत ठेवील, नाहीतर नातवंडांना दाखवील. कदाचित नवे न्गांगा नवे बिलोंगो भरतीलही. तो त्यांचा प्रश्न.

तुमच्यापैकी जे परदेशात आहेत त्यांना अशा एखाद्या पुतळ्यापुढे उभे राहण्याचा योग केव्हातरी येईल. कला म्हणून तो पाहावाच, तो सुंदरच आहे. पण घाई करू नका. एखादा खिळा निवडा आणि तो कुणी ठोकला असेल, कशासाठी ठोकला असेल याचा मिनिटभर विचार करा. कर्ज फेडीन म्हणून, पुन्हा तुझ्या शेतात शिरणार नाही म्हणून, की माझे मूल बरे व्हावे म्हणून?

असो. लेख लांबला. तुम्हाला काय वाटले ते जरूर कळवा.